शुक्रवारी लागलेला मराठी चित्रपट रविवारच्या आत कसा गाठायचा

मराठी चित्रपटाबद्दल चांगलं कानावर येतं ते बहुतेक वेळा सोमवारी. ऑफिसात कुणीतरी सांगतं, "काल बघितला, छान आहे, जाऊन या." मंगळवारी घरात ठरतं, येत्या शनिवारी जाऊ. शनिवारी ॲप उघडावं तर सगळ्या शहरात मिळून दोन खेळ उरलेले असतात, एक सकाळी सव्वानऊचा आणि दुसरा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. चित्रपट वाईट होता म्हणून उतरला, असं दर वेळी नसतं. आपण ज्या सावकाशीने ठरवतो त्याहून थिएटरचा आठवडा पुष्कळ वेगाने पळतो.

या आठवड्याचं गणित कळलं, की चांगला चित्रपट हातचा जात नाही. पुढे जे लिहिलं आहे ते मराठी चित्रपट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. मोठ्या हिंदी चित्रपटाला तीन आठवडे कुठे ना कुठे सोयीचा खेळ मिळतोच. घाई करावी लागते ती मराठीसाठी.

थिएटरचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो

थिएटरवाल्यांचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार असा असतो. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत किती खुर्च्या भरल्या ते सोमवारी सगळ्यांसमोर येतं. सोमवारी प्रेक्षक किती घसरला तेही पाहिलं जातं. त्यावरून पुढच्या शुक्रवारपासून कुणाला किती खेळ द्यायचे, हे वितरक आणि थिएटरची खेळ लावणारी मंडळी ठरवतात. पण आठवडा संपेपर्यंत थांबलंच पाहिजे असं काही नाही. एखादा चित्रपट शुक्रवारीच उसळला, तर शनिवारपासूनच त्याला जादा खेळ मिळतात, आणि ते अर्थातच दुसऱ्या कुणाचे तरी काढून दिले जातात.

१८ जुलै २०२५ चा शुक्रवार आठवा. त्या दिवशी 'येरे येरे पैसा ३' आणि हिंदीतला 'सैयारा' एकत्र लागले. 'सैयारा'ला तुफान गर्दी झाली आणि मराठी चित्रपटाचे खेळ पहिल्याच आठवड्यात कमी झाले. त्यावरून मुंबईत राजकीय आवाजही उठला. ज्यांनी "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलं होतं, त्यांच्या सोयीची वेळ तोवर गेली होती.

उलट बाजूही आहे. 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला आला. बायकांचे गटच्या गट थिएटरात गेले, एकीने दुसरीला सांगितलं, आणि दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्यापेक्षा जास्त झाली. १२ सप्टेंबर २०२५ ला लागलेल्या 'दशावतार'लाही शुक्रवारपेक्षा शनिवारी आणि शनिवारपेक्षा रविवारी जास्त प्रेक्षक आला. या दोन्ही चित्रपटांना पुढचे आठवडे मिळाले ते पहिल्या तीन दिवसांत आलेल्या लोकांमुळे.

पहिल्या आठवड्यात काढलेल्या तिकिटाचं वजन निर्मात्याच्या दृष्टीनेही वेगळं असतं. २००९ साली निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा तंटा झाला होता. तो मिटताना वाटणी ठरली: पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३० टक्के. करारागणिक आकडे थोडे हलतात, पण उतरती भाजणी तीच. समजा तिकीट २०० रुपयांचं आहे. त्यातून १८ टक्के जीएसटी वजा केला की साधारण १६९ रुपये उरतात. पहिल्या आठवड्यात त्यातले जवळपास ८५ रुपये चित्रपटाच्या बाजूला जातात, चौथ्या आठवड्यात जेमतेम ५१. याशिवाय डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क निर्मात्याच्या बाजूनेच भरावं लागतं, म्हणजे रिकाम्या खुर्च्यांसमोर चाललेल्या खेळाचाही खर्च त्याच्या माथी असतो. एखाद्या दिग्दर्शकाचं काम तुम्हाला मनापासून आवडत असेल, तर त्याला मदत करण्याची सगळ्यात सोपी रीत पहिल्या शनिवार-रविवारी तिकीट काढणं ही आहे.

सोमवार-मंगळवार: काय लागतंय ते शोधा

यादी करायला दहा मिनिटं पुरतात, मात्र ती एका जागी मिळत नाही. बुकमायशो किंवा डिस्ट्रिक्ट ॲपमध्ये आपलं शहर निवडून भाषेच्या गाळणीत मराठी टाका आणि "लवकरच येणारे" हा भाग बघा. पेटीएमवरून तिकिटं काढायची सवय असलेल्यांसाठी सांगतो: तो तिकिटांचा व्यवसाय २०२४ मध्ये झोमॅटोने घेतला आणि तो आता डिस्ट्रिक्टवर चालतो. ॲपमध्ये चित्रपटापुढे "इतक्या जणांना रस आहे" असा आकडा दिसतो. त्यावर फार भिस्त ठेवू नका. बोट टेकवायला पैसे पडत नाहीत.

त्यानंतर निर्मितीसंस्थेचं किंवा कलाकारांचं इन्स्टाग्राम पान उघडून तारीख पक्की करा. मराठीत तारखा पुढे ढकलल्या जातात, आणि त्या का ढकलल्या ते बरेचदा पोस्टर पाहूनच कळतं: त्याच शुक्रवारी एखादा मोठा हिंदी किंवा दाक्षिणात्य चित्रपट येऊन बसलेला असतो. ॲपवर जुनी तारीख तशीच राहिलेली असू शकते. निर्मात्याच्या पानावरची सगळ्यात अलीकडची पोस्ट खरी धरा.

यादीत दोन गोष्टी वेगळ्या काढा. हल्ली जुने चित्रपट पुन्हा लावण्याची लाट आहे, त्यामुळे "या आठवड्यात" या सदरात वीस वर्षांपूर्वीचाही चित्रपट दिसतो. तो पाहायचा असेल तर आनंदाने पाहा, पण नवा समजून जाऊ नका. दुसरं, दक्षिणेतले चित्रपट हिंदीत डब होऊन येतात. त्यांच्या नावापुढे मूळ भाषेचा खेळ कोणता आणि डबचा कोणता हे वेळेगणिक वेगळं असतं. तिकीट काढताना भाषा वाचूनच पुढे जा.

शुक्रवारचा नियम सुट्टी मोडते. १ मे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, नाताळ यांच्या आसपासचा आठवडा बुधवारी किंवा गुरुवारीही सुरू होऊ शकतो. १ मे २०२५ हा गुरुवार होता. त्या दिवशी 'गुलकंद' आणि 'आता थांबायचं नाय' हे दोन मराठी चित्रपट एकत्र लागले आणि समोर हिंदीतला 'रेड २' होता. अशा वेळी दोन्ही मराठी चित्रपट पाहायचे असतील तर आधी कुठला, हे सोमवारीच ठरवावं लागतं. माझा ठोकताळा असा: ज्याला कमी खेळ मिळालेत तो आधी. जास्त खेळवाला आठवडाभर सापडेल.

कोणता पाहायचा

ट्रेलर एकदा पाहा. दुसऱ्यांदा बघायची गरज नाही, कारण सध्या ट्रेलरमध्ये अर्धी गोष्ट सांगून टाकायची पद्धत पडली आहे. त्याऐवजी दिग्दर्शक, लेखक आणि संकलक यांची नावं वाचा आणि त्यांचं आधीचं काम आठवून पाहा. मराठीत नटांपेक्षा लेखकाच्या नावावरून चित्रपटाचा अंदाज जास्त चांगला येतो, असं मला ठामपणे वाटतं.

मुलांना न्यायचं असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर जुन्या यूए वर्गाचे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. हे तिन्ही पालकांसाठी मार्गदर्शन म्हणून आहेत. त्या वयाखालच्या मुलाला न्यायचं की नाही ते आईवडिलांनी ठरवायचं. ए प्रमाणपत्राचं तसं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला, आईवडील सोबत असले तरी, आत सोडत नाहीत. नववी-दहावीची मुलं घेऊन निघालेल्या कुटुंबाने हे तिकीट काढण्याआधी वाचावं, दारावर वाद घालून उपयोग नसतो. लांबीही तिथेच दिसते. आजी-आजोबा सोबत असतील तर अडीच तासांवरचा चित्रपट रात्रीच्या खेळाला नको.

समीक्षा वाचायची की नाही? जरूर वाचा, पण शुक्रवारी दुपारनंतर आणि दोघातिघांच्याच. ज्यांच्या आवडीशी आपली आवड जुळते, किंवा नेमाने जुळत नाही, असे दोन समीक्षक धरून ठेवले की पुरे. ॲपवरच्या ताऱ्यांपेक्षा खालच्या चार ओळी वाचाव्यात. "मस्त, जबरदस्त, बघाच" एवढंच असेल तर सोडून द्या. "पहिला अर्धा भाग लांबला आहे, पण सासूचं काम पाहण्यासारखं" असं कुणी लिहिलं असेल, तर त्याने खरंच चित्रपट पाहिला आहे.

बुधवारची संध्याकाळ

माझ्या मते सगळ्या आठवड्यातला महत्त्वाचा तास हा. मोठ्या चित्रपटांचं ॲडव्हान्स बुकिंग आधीच सुरू झालेलं असतं. मराठी चित्रपटांचे खेळ मात्र बऱ्याचदा बुधवारी संध्याकाळनंतर, कधी कधी गुरुवारी उशिरा उघडतात. कारण साधं आहे: थिएटरवाले आधी मोठ्यांना जागा देतात आणि उरलेल्या वेळा शेवटी वाटल्या जातात. तेव्हा मंगळवारी शोधून "आमच्याकडे लागणारच नाही वाटतं" असं म्हणू नका. बुधवारी रात्री जेवणानंतर एकदा आणि गुरुवारी रात्री एकदा बघा.

बघायचं कसं, ते नीट सांगतो. चित्रपटाचं नाव उघडलं, की वर तारखांची पट्टी येते. बहुतेक जण शुक्रवारवर थांबतात. तुम्ही शनिवार, रविवार आणि सोमवार या तिन्हींवर बोट ठेवून पाहा. शुक्रवारी सहा खेळ आहेत आणि सोमवार कोराच आहे, तर थिएटरने अजून पुढचं ठरवलेलं नाही, शनिवार-रविवार कसा जातो ते पाहून ठरवणार. मग वेळा वाचा. सकाळी ९.१५, दुपारी १२.४०, ३.१० अशाच वेळा असतील आणि संध्याकाळी सहानंतर एकही नसेल, तर नोकरी करणाऱ्याच्या हातात फक्त शनिवार-रविवार आहे. आता एखाद्या खेळावर बोट ठेवून आसनांचा नकाशा उघडा. विकलेल्या खुर्च्या करड्या दिसतात. गुरुवारी रात्रीच मागच्या चार ओळींच्या मधल्या खुर्च्या गेल्या असतील, तर हा चित्रपट धरणार आणि तुम्हीही लगेच तिकीट काढायला हवं. सगळा नकाशा मोकळा असेल तर खेळ टिकण्याची खात्री नाही. एकही तिकीट न गेलेला खेळ थिएटर रद्द करू शकतं. पाच-सहा तिकिटं आधी गेलेली असली, की तो सहसा होतो.

वेळांच्या बाबतीत एक मागची गोष्ट माहीत असावी. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइममध्ये दाखवण्याचं बंधन घालत असल्याचं जाहीर केलं. सुरुवातीची वेळ संध्याकाळी ६ ते ९ होती. त्यावर गदारोळ झाला आणि मग प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९, असा अर्थ लावण्यात आला. त्यामुळे मंगळवारी दुपारी सव्वाबाराचा खेळही प्राइम टाइममध्ये बसतो. त्या वेळी चित्रपट पाहायला मोकळं कोण असतं? मराठी चित्रपटाला खेळ मिळत नाहीत या तक्रारीतला खरा मुद्दा मला हाच वाटतो. खेळांची संख्या मोजून भागत नाही, घड्याळही बघावं लागतं.

थिएटर कुठलं निवडायचं

जवळचं मल्टिप्लेक्स सोयीचं, पण मराठीसाठी ते दर वेळी उत्तम असतंच असं नाही. प्रत्येक शहरात मराठी प्रेक्षक जिथे आपणहून जातो अशी काही थिएटरं असतात. मुंबईत दादरचं प्लाझा आणि लालबागचं भारतमाता ही नावं मराठी चित्रपटाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेली आहेत. पुण्यात कोथरूडचं सिटी प्राइड आहे. अशा ठिकाणी मराठी चित्रपटाला संध्याकाळची वेळ मिळण्याची शक्यता जास्त आणि चित्रपट उतरतोही उशिरा. शिवाय भरलेल्या थिएटरात विनोदी चित्रपट पाहणं हा वेगळाच अनुभव आहे. सिटी प्राइडला रविवारी संध्याकाळी मागच्या ओळीतल्या मावशींचं हसू आधी फुटतं आणि मग सगळं थिएटर त्यांच्यामागे हसतं. चाळीस इंची टीव्हीवर हे मिळणार नाही.

तालुक्याच्या गावी एकपडदा थिएटर असेल तर ॲपवर विसंबू नका. कित्येक थिएटरांची नोंद ॲपवर नसते, किंवा असली तरी वेळा जुन्या असतात. तिथे खेळ साधारण १२, ३, ६ आणि ९ असे ठरलेले असतात, पण कुठल्या खेळाला कुठला चित्रपट ते दर आठवड्याला बदलतं. फोन करून विचारा. फोन लागत नसेल तर गुरुवारी संध्याकाळी जाता-येता बाहेरचा फलक वाचा. नवी पोस्टरं तेव्हाच चढतात. बाल्कनी आणि स्टॉलच्या दरात फरक असतो, आणि शनिवार-रविवारी बाल्कनी आधी संपते.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना कधी कधी वाटतं, की मुंबई-पुण्यात लागलेला चित्रपट आपल्याकडे येतच नाही. वितरणाच्या व्यापारी नकाशाचाही याच्याशी संबंध आहे. त्या नकाशात विदर्भ सीपी-बेरारमध्ये (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) आणि मराठवाडा निजाम विभागात (जुनं हैदराबाद संस्थान) मोडतो, म्हणजे तिथले हक्क स्वतंत्रपणे विकले जाऊ शकतात. पहिल्या शुक्रवारी लागला नाही म्हणून आशा सोडू नका, पण निर्मात्याच्या पानावर आपल्या शहराचं नाव घालून विचारा. जिथून मागणी दिसते तिथे वितरक लवकर हलतो.

गोव्यात पणजीचं आयनॉक्स, म्हणजे २००४ साली इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा उभं राहिलेलं संकुल, ही मराठी चित्रपटासाठीही पहिली चौकशी करण्याची जागा.

तिकिटाचे पैसे कुठे जातात आणि कुठे वाचतात

२२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे (आधी १२ होता) आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के. ऑनलाइन काढलं की सुविधा शुल्क वेगळं, दर तिकिटामागे, आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. हे शुल्क घेऊ नये असे आदेश महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये काढले होते. ते जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले, त्यामुळे आता हे शुल्क कायदेशीर आहे. घर थिएटरपासून जवळ असेल आणि तिघाचौघांची तिकिटं काढायची असतील, तर शुक्रवारी कामावरून येताना खिडकीवर जाऊन रविवारची तिकिटं काढा. चार जणांमागे वाचलेल्या पैशांत मध्यंतरातला चहा निघतो.

पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या पानावर न मागितलेल्या गोष्टी आधीच निवडून ठेवलेल्या असतात: देणगीचा एखाद-दोन रुपया, पॉपकॉर्नची जोडी, तिकीट रद्द करण्याचा विमा. नको असेल तर खूण काढा. तिकीट परत करता येतं का हे थिएटरागणिक बदलतं. बाहेरगावाहून येणार असाल तर ते आधीच वाचून घ्या.

मंगळवार हा स्वस्ताचा दिवस आहे. पीव्हीआर-आयनॉक्सने एप्रिल २०२५ मध्ये मंगळवारी ९९ रुपयांपासून तिकिटं द्यायला सुरुवात केली, आणि इतर साखळ्याही आठवड्याच्या मधल्या दिवसांत सवलती देतात. पण मराठी चित्रपट मंगळवारपर्यंत तुमच्या वेळेला टिकेल याची हमी नाही. मी मंगळवार दुसऱ्यांदा पाहायच्या किंवा मोठ्या हिंदी चित्रपटासाठी ठेवतो. पहिल्यांदा पाहायचा मराठी चित्रपट शनिवारच्या सकाळच्या खेळाला बघा. सकाळचे खेळ संध्याकाळपेक्षा स्वस्त असतात आणि थिएटरही स्वच्छ मिळतं.

खुर्ची निवडताना पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश मागे आणि मध्यावर बसावं. ध्वनीची रचना त्या भागाला धरून केलेली असते. सगळ्यात मागची ओळ तरुणांना आवडते, पण तिथे पाठीमागच्या भिंतीचा आणि प्रक्षेपण खोलीचा आवाज येतो. पाठ टेकून पाय लांब करता येतील अशा महागड्या खुर्च्या असतात, त्यांत दिवसभर दमलेल्या माणसाला झोप लागते. गोष्टीत रमायचं असेल तर साधी खुर्ची बरी.

खेळाच्या दिवशी

तिकिटावरच्या वेळेला मल्टिप्लेक्समध्ये आधी जाहिराती, ट्रेलर आणि महाराष्ट्रात राष्ट्रगीतही असतं. तरीही वेळेवर पोचा. मराठी चित्रपटाच्या खेळाला जाहिराती कमी असू शकतात, आणि सुरुवातीची पाच मिनिटं हुकली की चित्रपटाचा सूर लागत नाही.

शुक्रवारचा पहिला खेळ गाठण्याची हौस असेल तर एक धोका लक्षात ठेवा. आता चित्रपट कुलूपबंद डिजिटल स्वरूपात येतो आणि तो उघडणारी किल्ली ठरावीक थिएटरला, ठरावीक तारखांपुरती दिली जाते. किल्ली वेळेत आली नाही किंवा चुकीची आली, तर पहिला खेळ उशिरा सुरू होतो किंवा रद्द होतो. लहान चित्रपटांच्या बाबतीत पहिल्या सकाळी हे घडू शकतं. तासभर प्रवास करून जायचं असेल तर शुक्रवारी दुपारचा किंवा त्यापुढचा खेळ धरा. खेळ रद्द झाला तर पैसे आपोआप मूळ खात्यात यायला हवेत. आले नाहीत तर संदेशाचा स्क्रीनशॉट जपून ठेवून ॲपवर तक्रार करा. खिडकीवर काढलेलं तिकीट असेल तर तिथल्या तिथे परत मागा.

बाहेरचं खाणं आत नेऊ द्यायचं की नाही, हे थिएटर ठरवू शकतं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी दिला. पण त्याच वेळी दोन गोष्टी स्पष्ट झाल्या: पिण्याचं पाणी मोफत मिळालं पाहिजे आणि तान्ह्या बाळासाठी आणलेलं खाणं अडवता येणार नाही. पाण्याची टाकी कुठे आहे असं विचारायला संकोच वाटायचं कारण नाही. ती सहसा स्वच्छतागृहाच्या बाजूला कोपऱ्यात असते.

तुमच्या भागात खेळच नसेल तर

आधी मोजा, सोबत कितीजण येतील. सोसायटी, वाचनालय, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, भिशीचा गट, शाळेतले जुने मित्र असा पंचवीस-तीस जणांचा गट जमत असेल, तर थिएटरच्या व्यवस्थापकाशी थेट बोला. ॲपवरून बोलण्यापेक्षा सोमवार ते बुधवारच्या दरम्यान दुपारी स्वतः गेलेलं बरं, कारण पुढच्या शुक्रवारचं वेळापत्रक तेव्हा ठरत असतं. जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: चित्रपटाचं नाव, माणसांची संख्या, चालणाऱ्या दोन वेळा आणि एका माणसाचा मोबाइल नंबर. "मराठी चित्रपट लावा" या मागणीपेक्षा "रविवारी सकाळी अकराला तीस जण नक्की, निम्मे पैसे आज भरतो" हे वाक्य लवकर ऐकलं जातं. मल्टिप्लेक्स साखळ्यांकडे एकगठ्ठा नोंदणीसाठी वेगळी माणसं असतात, त्यांचा नंबर खिडकीवर मिळतो.

पैसे आधी गोळा करा. गटात "मी येते" म्हणणारे आणि प्रत्यक्ष येणारे यांत फरक पडतोच, आणि तो भार एकाच्याच अंगावर पडू नये. ज्येष्ठांचा गट असेल तर लिफ्ट आहे का, पायऱ्यांना कठडा आहे का आणि मध्यंतर किती मिनिटांचं, हे आधी बघून या.

"ओटीटीवर आला की बघू" हा पर्याय मराठीत तितकासा भरवशाचा नाही. हिंदी चित्रपटांच्या बाबतीत मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या आठ आठवड्यांचं अंतर पाळायला लावतात, त्यामुळे दोन महिन्यांनी तो घरी दिसेल असा अंदाज बांधता येतो. मराठी चित्रपटाला ओटीटीचा ग्राहक मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी कधी ते सांगता येत नाही. चांगले म्हणून गाजलेले काही चित्रपट महिनोन्‌महिने कुठेच सापडत नाहीत.

पाहून झाल्यावर

चित्रपट आवडला असेल तर त्याच रात्री सांगा, सोमवारची वाट पाहू नका. शनिवारी रात्री घरच्या व्हॉट्सॲप गटात दोन ओळी, सोबत थिएटरचं नाव आणि रविवारच्या खेळाची वेळ. वेळ लिहिली की ऐकणाऱ्याचं अर्धं काम होतं. पडद्यावर मोबाइल धरून चित्रीकरण करू नका, पाच सेकंदांचंही नाही. तो गुन्हा आहे आणि त्याने चित्रपटाचं नुकसानच होतं. शेवट सांगू नका. नावडलेल्या चित्रपटाबद्दलही स्पष्ट बोला, पण काय नावडलं ते सांगा. "मराठीत हल्ली काही राहिलं नाही" या वाक्याने कुणाचंच भलं होत नाही.

महाराष्ट्राबाहेर असाल तर

बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू इथे मोठे मराठी चित्रपट लागतात, मात्र बहुधा शनिवार-रविवारपुरते आणि एक-दोन ठिकाणीच. ॲपमध्ये शहर निवडून भाषा मराठी ठेवा आणि गुरुवारी रात्री बघा. आसनांच्या नकाशात खुर्च्या मोकळ्या दिसल्या तरी थांबू नका. इथे एखाद्या खेळाचं पुढच्या आठवड्यातलं भवितव्य वीस तिकिटांवर ठरू शकतं. मराठी न येणारा जोडीदार किंवा मित्र सोबत असेल तर इंग्रजी उपशीर्षकं आहेत का, हे खेळाच्या तपशिलात वाचा. तिथे लिहिलं नसेल तर थिएटरला फोन करा.

परदेशात चित्र वेगळं असतं. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आखाती देश या ठिकाणी बरेच खेळ स्थानिक वितरक आणि महाराष्ट्र मंडळांच्या पुढाकाराने होतात, कित्येकदा एका शहरात एकच खेळ. भारतातल्या तारखेनंतर आठवडा-दोन आठवड्यांनीही तो लागू शकतो. मंडळाच्या ईमेल यादीत नाव असू द्या आणि कार्यकारिणीतल्या माणसाला आधीच सांगून ठेवा, की तुमच्या घरातले किती जण नक्की येतील. मंडळाला थिएटरचं भाडं आगाऊ भरावं लागतं, आणि पन्नास नावं पक्की असली की तो निर्णय घेणं त्यांना सोपं जातं. मंडळ नसलेल्या गावात असाल तर जवळच्या थिएटरला खासगी खेळाचं भाडं विचारा आणि चित्रपटाच्या परदेशी वितरकाला थेट ईमेल करा. त्याचं नाव पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं.